पाणी कधीचं हाय?

आमच्या शेजारचे कल्लप्पाअण्णा कुणाच्याही घरी गेले तरी 'बरं हाय का' असं विचारत नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता ते विचारतात, "पाणी कधीचं हाय?"

नवखा माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, म्हाताऱ्याला तहान लागली असावी. तो लगबगीनं तांब्या आणतो. अण्णा तांब्यात डोकावतात, "हे न्हवं, पिपातलं," म्हणतात आणि यजमानाला मागं टाकून सरळ न्हाणीकडं चालू लागतात. खिशात बॅटरी, एका हातात लांब दांड्याची पळी, दुसऱ्या हातात पांढरी बशी. पळीभर पाणी बशीत घ्यायचं, वरून बॅटरीचा उजेड पाडायचा आणि श्वास रोखून बघायचं. बशीत काही वळवळलं की त्यांचा चेहरा उतरतो. "बघ तंगी," ते मला म्हणतात, "पोरं खेळायलीत."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पोरं म्हणजे डासांच्या अळ्या.

अण्णांचं गाव संतपूर. तिथं त्यांचं बी-बियाणांचं दुकान होतं. मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागल्यावर दुकान विकून ते बिदरला आले आणि तिथल्या नौबाद भागात आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. अळ्यांशी त्यांचं वैर तसं जुनंच, पण ते सोयाबीन-तुरीवरच्या. पाण्यातल्या अळ्यांपर्यंत ते नंतर पोचले.

आता आमच्या गल्लीत पाण्याचा विषय काढणं म्हणजे भांडण काढणं. नळ त्याच्या मर्जीनं येतो. आला की बाया तव्यावरची भाकरी तशीच सोडून धावतात आणि घरात जे जे म्हणून पोकळ आहे ते भरून ठेवतात. पिपं, टाक्या, हंडे, बादल्या, पाहुणे यायचे नसतील तर कुकरसुद्धा. अशा गल्लीत अण्णांनी फतवा काढला, की दर शुक्रवारी सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, उन्हात उपडी घालायची.

"अन् शनवारी नळ न्हाई आला तर?" समोरच्या घरातली कमलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमच्या बॅटरीच्या उजेडात आंघोळ करू का मी?"

मग तह झाला. पाणी फेकायचं नाही, फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यायचं. पण भांडं घासायचंच, त्यात सवलत नाही. "वरून तांब्याभर टाकलं म्हंजे पाणी बदललं न्हवं," अण्णा प्रत्येक दारात उभं राहून सांगत. "अंडी भांड्याच्या अंगाला चिकटून बसतेत. वर पाणी चढलं की पोरं भायेर. घासायला पायजे, तंगी, घासायला!" कमलाबाईनं घासायला सुरुवात केली, पण घासताना ती भांडी अशी आपटायची की आवाज अण्णांच्या घरात जावा.

गल्लीच्या टोकाला एक आजोबा वारले तेव्हाची गोष्ट. आम्ही भेटायला गेलो होतो. सगळे खाली माना घालून बसलेले. अण्णांची मान आमच्यापेक्षा जरा जास्तच खाली होती. मला वाटलं, वयाचा माणूस, मनाला लागलं असेल. ते बाजेखालच्या डब्यात बघत होते. थोड्या वेळानं ते उठले आणि आजोबांच्या मुलाला जवळ घेतलं. मुलगा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडत होता, आणि अण्णा एका हातानं त्याची पाठ थोपटत दुसऱ्या हातानं त्याच्या मागं टांगलेल्या टायरातलं पाणी सांडत होते. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी बाहेर आले तर लोकांना वाटलं मी फारच रडतेय.

धुराचं प्रकरण तर सगळ्यांना पाठ आहे. अण्णांनी एकदा अंगणात घमेल्यात कडुलिंबाचा ओला पाला पेटवला. डास गेले की नाही माहीत नाही, पण गल्ली खोकायला लागली. कुणीतरी "आग! आग!" ओरडलं आणि कमलाबाईनं धावत येऊन बादलीभर पाणी घमेल्यावर, म्हणजे निम्मं अण्णांवर ओतलं. अण्णा काळ्या पाण्यात भिजून उभे. तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलले, "बादलीत पोरं व्हती का गं?"

आणि मासे. अण्णा बसवण्णांना मानणाऱ्या लिंगायत घरातले, अंडंसुद्धा कधी घरात आलं नाही. त्यांनी आरोग्य खात्याच्या माणसाकडून अळ्या खाणारे बारीक मासे आणून आपल्या हौदात सोडले. निर्णा गावाहून त्यांची बहीण आली तेव्हा हौदात मासे बघून तिनं त्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. आमच्याकडं येऊन प्यायली, हेही नवलच. "अण्णा, काय हे, मास्याचं पाणी?" ती म्हणाली. अण्णा शांतपणे म्हणाले, "अगं, शाकाहारी मी हाव. मासे काय खातेत ते त्यांचं त्यांनी बघावं."

हे सगळं सांगताना मला हसू येतं, पण खरं सांगायचं तर मी त्यांना हसायची ते भीती घालवायला. मी मुळात काळजीखोर बाई. शाळेत शिकवते, पावसाळा सुरू झाला की वर्गातला एकेक बाक रिकामा होत जातो आणि मी हजेरी घेताना प्रत्येक नावाला थबकते. आणि अण्णांना हे वेड कशानं लागलं ते तर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्यांच्या बायकोला, गुरम्माक्कांना, डेंगीनं नेलं. ताप आला, चढला, आणि एके सकाळी उतरला. अण्णा आनंदानं आमच्याकडं सांगत आले, "उतरला गं तंगी, आता पेज मागायली." आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. त्याच दिवशी संध्याकाळी त्या कोसळल्या. या आजारात ताप उतरल्यानंतरचे दिवसच वाईट असतात, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

अक्का सोवळ्याच्या फार कडक. त्यांच्यात देवपूजेचं पाणी वेगळं भरून ठेवतात, त्याला मडीचं पाणी म्हणतात. अक्का पहाटे न्हाऊन ओलेत्यानं ती घागर भरायच्या आणि अण्णांनासुद्धा तिला शिवू द्यायच्या नाहीत. भिंतीवरून त्यांनी मला किती वाट्या कटाची आमटी दिली असेल, पण त्यांच्या देवघराच्या दारापर्यंत मी कधी गेले नव्हते. येऊ नको असं कुणी म्हणालं नव्हतं. आम्ही बौद्ध, काही गोष्टी कुणी न सांगताही कळत असतात.

माझी मुलगी प्रज्ञा पहिल्या बाळंतपणाला उदगीरहून आली ती नेमकी पावसाळ्यात. सातवा सरून आठवा लागला होता. ती रिक्षातून उतरली आणि अण्णांनी तिच्या पोटाकडं बघून भिंतीपलीकडनंच मला विचारलं, "मच्छरदाणी हाय का घरात?"

त्या दिवसापासून अण्णांची आमच्या घरी रोजची फेरी सुरू झाली. कुलर उघडून बघितला. फ्रिजच्या मागच्या ट्रेमधलं पाणी त्यांनीच शोधलं, मला तर तिथं ट्रे असतो हेही माहीत नव्हतं. बुद्धमूर्तीपुढच्या फुलदाणीतलं पाणी रोज बदलायला लावलं. गच्चीवरची नारळाची करवंटी, कुंडीखालची बशी, सगळं. प्रज्ञाला पायांत मोजे घालून बसायला सांगितलं. ती वैतागली. "अण्णा, उकाड्यानं जीव चाललाय माझा!"

"उकाड्यानं कुणी मरत न्हाई," अण्णा म्हणाले. मग कुलरची टाकी पुन्हा एकदा पुसायला लागले.

एवढं करून प्रज्ञाला ताप आलाच.

सकाळी कपाळाला हात लावला तर चटका बसला. डोळ्यांच्या मागं दुखतंय, हाडं मोडून आल्यासारखी वाटतायत, असं ती म्हणाली. रक्त तपासलं. डेंगी. डॉक्टरबाई म्हणाल्या, तापाच्या साध्या गोळीशिवाय दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी द्यायची नाही, पाणी आणि पेज सारखी द्यायची, रक्तातल्या पेशी मोजायला रोज आणायचं. आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, पेशी फार उतरल्या आणि त्यात कळा सुरू झाल्या तर रक्त थांबवणं अवघड जातं. मी मान हलवली. माझा नवरा कलबुर्गीला नोकरीवर, त्याला तिथूनच फोन केला.

अण्णा बाहेर पिसाळल्यासारखे फिरत होते. डास कुठून आला? त्यांनी गल्लीतलं एकेक भांडं पुन्हा तपासलं. कमलाबाईनं या वेळी भांडी आपटली नाहीत, गुपचूप सगळी बाहेर काढून ठेवली. आशाताई, म्हणजे घरोघरी पाहणी करणारी आरोग्य खात्याची बाई, तीही येऊन गेली. अण्णांच्या घरात हौद बघितला, न्हाणी बघितली. देवघराच्या दारात मात्र अण्णा आडवे उभे राहिले. "आत मडी हाय. तिथलं मी बघतो." ती बिचारी हसून पुढं गेली. डासांवर साऱ्या गल्लीला धडे देणाऱ्या माणसाचं घर आणखी काय तपासायचं?

एके दिवशी दुपारी प्रज्ञाचा ताप उतरला. घाम आला, चेहरा निवळला, तिनं लोणचं मागितलं. मी इतकी सुखावले की डोळ्यांत पाणी आलं. आज पेशी मोजायला नको न्यायला, पोरीला जरा झोपू द्यावं, असं ठरवून मी पांघरूण नीट करत होते. तेवढ्यात अण्णा आले. मी हसून सांगितलं, "उतरला वो अण्णा ताप!"

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पांढराफटक.

"रिक्षा आणतो," ते म्हणाले.

"अण्णा, आत्ताच डोळा लागलाय तिचा. उद्या..."

"उद्या न्हाई!" अण्णा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. "ताप उतरला म्हणून हसू नको गं तंगी. मीबी हसलो व्हतो. ऊठ, पोरीला उठीव."

आम्ही गेलो. पेशी धडाधड उतरल्या होत्या. ताबडतोब दाखल करून घेतलं. पुढचे दिवस मी त्या दवाखान्यातल्या पलंगाशेजारी कसे काढले ते माझं मला माहीत. बाळ हलतंय का, एवढंच तिला विचारत राहायची. अण्णा बाहेरच्या बाकावर दोनदा डबा घेऊन आले, आणि मग यायचे थांबले. मला वाटलं, त्यांच्याच्यानं दवाखाना बघवत नसेल. पुढं पेशी चढायला लागल्या. आकडा ऐकून डॉक्टरबाई हसल्या, तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले. बाळ पोटात सुखरूप होतं. आम्ही घरी आलो.

घरी आलो तरी अण्णा आले नाहीत. 'पाणी कधीचं हाय' नाही, बॅटरी नाही, बशी नाही. दुसऱ्या दिवशीही नाहीत. कमलाबाई म्हणाली, दारसुद्धा उघडताना दिसले नाहीत. त्यांनाच ताप आला की काय, असं वाटून मी दुपारी भिंतीला वळसा घालून त्यांच्या घरात शिरले.

अण्णा देवघरासमोर जमिनीवर बसले होते. मांडीवर बॅटरी. मला बघून उठले नाहीत.

"तंगी," ते म्हणाले, "पोरं हितं हाईत."

आत स्टीलची घागर होती. वर ताटली झाकलेली, पण पूजेची पळी आतच ठेवलेली, तिच्या दांड्यामुळं ताटली एका बाजूनं उचललेली. डास जाईल एवढी फट.

"ही तिनं भरलेली हाय," अण्णा म्हणाले. "दवाखान्यात न्यायच्या आधी. अंगात ताप, तरी उठून न्हाली अन् भरली. मी रोज त्यातलं पळीभर देवाला घालतो, अन् वरून तांब्याभर भरतो. तिचं पाणी संपू ने म्हणून."

मला समजायला क्षणभर लागलं. गल्लीतलं एकेक भांडं घासायला लावणारा हा माणूस रोज वरून तांब्याभर पाणी टाकत होता.

"तुम्ही कधी बघितलं न्हाई ह्यात?"

"न्हाई." ते माझ्याकडं बघत नव्हते. "बघितलं असतं तर वतावं लागलं असतं. म्हणून बघितलंच न्हाई. पोरीला दवाखान्यात घातलं, मग बॅटरी घिऊन बसलो. तवापासून हितंच हाव. वतवंना."

माझ्या डोक्यात अशी सणक गेली! "माझी पोर मेली असती की वो अण्णा!" मी ओरडले. "पोटातल्या लेकरासकट मेली असती!"

"व्हय," ते म्हणाले. एवढंच. मग घागरीकडं बघत म्हणाले, "ह्यातल्याच एखाद्यानं तिलाबी नेलं असंल. तवाबी ही घागर हितंच व्हती. त्येबी म्हाईत हाय मला. तरी वतवंना."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. कुठला डास कुणाच्या घरचा हे कोण सांगणार? गल्लीभर डास होते. आणि ताप उतरल्यावर प्रज्ञाला ओढत दवाखान्यात नेलं ते याच माणसानं. पण हे बोलून काही उपयोग नव्हता, ते त्यांना पटलं नसतं.

"तू वत," अण्णा म्हणाले. "आत ये."

मी उंबऱ्यापाशी अडखळले. "अक्कांना चाललं असतं का वो?"

अण्णांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "न्हाई. तिला नसतं चाललं." आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "पण तिचं आता चालतंय कुठं? ये."

मी आत गेले. घागर उचलली. देवाचं पाणी गटारात नको म्हणून अंगणातल्या बेलाच्या बुंध्याशी नेली. ओतताना मी हळूच ओतलं, का ते माहीत नाही. अण्णा पायरीवर उभे होते. पाणी मातीत जिरत गेलं. वर राहिलेल्या अळ्या उन्हात जरा वळवळल्या आणि थांबल्या. अण्णा त्यांच्याकडं बघत नव्हते. ओली माती कडेनं वाळत चालली होती तिकडं बघत होते, आणि लहान मुलासारखे रडत होते. मी राख आणि नारळाची शेंडी घेऊन घागर आतून घासली, काठाखाली जास्त घासली. त्यांनी एकदाही 'घास' म्हणून सांगितलं नाही.

मग डोळे पुसून म्हणाले, "पोरीला मी सांगतो. तू नको सांगूस."

मी नको नको म्हणत असताना ते आमच्या घरात गेले. प्रज्ञा मच्छरदाणीत उशीला टेकून बसली होती. अण्णा जाळीबाहेर हात जोडून उभे राहिले. "पोरी," ते म्हणाले, "तुझा ताप माझ्या घरचा हाय." आणि घागरीचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

प्रज्ञा ऐकत होती. तिचा हात पोटावर होता. ती काय बोलेल या भीतीनं मी दाराची चौकट धरून उभी होते. पोरगी माझ्यासारखीच तापट आहे.

त्यांचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आईनं घागरीला हात लावला, तर अक्का लई चिडल्या असत्या न्हवं?"

"लई," अण्णा म्हणाले.

"काय म्हणल्या असत्या?"

अण्णांनी मान वर केली. मग त्यांनी अक्कांचा आवाज काढला. अर्धं कानडी, अर्धं मराठी, मध्येच कपाळावर हात मारून घेणं, सगळं हुबेहूब. प्रज्ञा हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसली. "आणखी सांगा," ती म्हणाली.

अण्णांनी खुर्ची ओढली आणि जाळीशेजारी बसले. इतक्या दिवसांत आमच्या घरात त्यांना बसलेलं मी बघितलंच नव्हतं. गुरम्मा लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, संतपूरच्या बाजारात भाजीवालीशी भांडून भांडून ती मराठी शिकली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बियाणांच्या पोत्यावर बसून ती त्यांना बसवण्णांची वचनं म्हणून दाखवायची आणि त्यांना झोप लागली की चिमटा काढायची. अण्णा सांगत सुटले होते. डासांबद्दल एक शब्द नाही.

बाहेर उजेड उतरत चालला होता. डास घरात शिरायची ही वेळ. अण्णांच्या दंडावर एक येऊन बसला होता, त्यांना पत्ताही नव्हता. मी उठले आणि एकेक करून खिडक्या लावून घेतल्या.